देवरे अण्णा आणि प्रेस मशिनचा कागद

आमचे सुपरवायझर देवरे अण्णा तीस माणसांकडून काम करून घेत. पण 'हे कर' असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. काय करू नको, तेवढंच सांगत.

अंबडच्या त्या वर्कशॉपमधला माझा पहिला दिवस. पत्रा दाबून भोकं पाडणाऱ्या माझ्या प्रेस मशिनपाशी अण्णा आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भाऊ, डावीकडचा पत्रा घेऊ नको. उलटा लावू नको. हात आत घालू नको. घाई तर अजिबात नको." आणि गेले.

डावीकडचा नको म्हणजे उजवीकडचा, हे मी ताडलं. पण उजवीकडे पत्राच नव्हता. मी उभाच. अर्ध्या तासाने अण्णा परतले.

"असा उभा राहू नको."

"मग काय करू?"

"तेच तर मघाशी सांगितलं."

शेजारच्या मशिनवरच्या रमेशने मला दीक्षा दिली. "अण्णा जे नाय सांगत, ते करायचं. उरतं ते काम."

महिनाभर हे जमलं. मग एकदा अण्णांनी एका ब्रॅकेटसाठी अकरा 'नको' सांगितले. ते करणाऱ्या आम्हा तिघांना उरलेलं काम वेगवेगळं सापडलं आणि दुपारपर्यंत प्रत्येकाच्या ब्रॅकेटला वेगळ्याच ठिकाणी भोकं पडली. अण्णा तिन्ही नमुने हातात घेऊन आमच्याइतकेच चक्रावले.

ते पाहून नव्या मॅनेजरने फर्मान काढलं. शनिवारच्या सुटीआधी प्रेसवर पाच ओळींचा कागद लागला पाहिजे, काम कसं करायचं याचा. नाहीतर सुपरवायझर दुसरा.

माझं अक्षर बरं, म्हणून अण्णा माझ्याकडे आले. "भाऊ, नाही म्हणू नको."

मी पेन उघडलं. "बोला, पत्रा काय?"

"वाकडा ठेवू नये."

"अण्णा, एकदा तरी 'करा' म्हणा. खुर्ची जाईल तुमची."

अण्णांनी गेटकडे पाहिलं.

"गेटवरचा वॉचमन शिरसाठ आधी याच मशिनवर होता," ते म्हणाले. "पत्रा अडकला. मी म्हणालो, काढ. त्याने काढला."

शिरसाठच्या उजव्या हाताला दोनच बोटं. रोज दुपारी अण्णा गेटवर बसून त्याला भाकरी मोडून देतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग मीच पाच ओळी लिहिल्या आणि सहीसाठी पुढे केल्या. अण्णांनी सही केली नाही. कागद घेऊन ते गेटवर गेले, मीही मागोमाग गेलो, आणि त्यांनी तो शिरसाठला मोठ्याने वाचून दाखवला.

त्याने शांतपणे ऐकलं. "ती शेवटची हाय ना, 'पत्रा अडकला तर आधी मशिन बंद करा', ती पयली घ्या अण्णा. माणूस शेवटपर्यंत वाचत नाय."

अण्णांनी कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

"लिही," ते म्हणाले.