हकिकत टेंभीचा माळ राखिल्याची

कुलस्वामी साक्ष, डोंगर साक्ष. शके १८५६ भावनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, पोलादपूर पेट्यातील टेंभीवाडीच्या माथ्यावर जे रण माजले, त्याची ही यादी खालच्या गावच्या शाळेचे सदू पंतोजी यांणी लिहिली. लिहिणे आमचे मनी नव्हते, परंतु वाडीच्या भागूबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, "मास्तर, समदं लिवून ठेवा. शेन कुनी झाडलं त्ये मातुर लिवू नका." बाईंनी माफी करावी. बखर लिहावयास बसल्यावर शेण वगळता येत नाही.

तर महाडचे नामजाद मुरारीशेट, कौलांचे व्यापारी, यांचे चित्ती हाव उपजली की, मुंबईच्या धनवंतांस हवा खावयास बंगले हवेत आणि टेंभीच्या माळाची हवा फुकट वाया जाते. मग त्यांणी सरकारात अर्ज गुदरला की, माळ ओसाड, गुरे चरत नाहीत, शेणाचा पो औषधास मिळत नाही, सबब वीस बंगल्यांस जागा बक्षावी. हे वर्तमान चावडीवरील जाहीरनाम्याने कळले आणि वाडीत हाहाकार जाहला. चौदा घरे, सवाशे जनावरे, आणि चराई तो माळ एकच. माळ गेला तर जनावरे विकणे प्राप्त. बयाबाई म्हणोन विधवा, घरात ती आणि तिची चंद्री म्हैस, तिसरे कोणी नाही. ती भर सभेत उभी राहोन बोलली, "माज्या चंद्रीला काय शेटच्या बंगल्याच्या ओटीवर बांदू?"

मग मसलत बैसली. वाडीचे वडील रायबा यांचे सल्ल्याने हरकतीचा खलिता आम्ही लिहिला, बत्तीस अंगठे उठविले, आणि वाडीचे गडी केरू यांणी तो मजल दरमजल महाडास दाखल केला. आठा दिवसांनी मामलेदारसाहेबांचा हुकूम आला की, आम्ही खासा येवोन माळ डोळ्यांनी पाहू.

येथे वाडीची मती फिरली. थोर पाहुणा यावयाचा तर अंगण झाडावे हा पिढीजात दस्तूर, आणि माळ म्हणजे वाडीचे अंगणच. भागूबाईंनी तीस बायका, तीस खराटे ऐसी शिबंदी उभी केली आणि तीन दिवस माळ झाडविला. पो तितका उचलोन, पाट्या भरोन, गोवऱ्या थापावयास रवाना. साहेबांस शिंग लागू नये म्हणोन सवाशे जनावरे गोठ्यांत कैद. आणि साहेबांची खुर्ची मांडावयाचे जागी रांगोळी आम्ही स्वहस्ते घातली, मोर काढिला. आता काय लपवावे! आमचीही अक्कल चरावयास गेली होती.

साहेबांची स्वारी घामाघूम होवोन चढोन आली, मागे मुरारीशेट छत्रीसह. माळ ताटासारखा लख्ख. शेटजी हर्षभरित होवोन अर्ज करते जाहले की, सरकारांनी पहावे, जनावराचा मागमूस नाही. साहेबांनी रायबांस पुसले की, येथे शेण का दिसत नाही? रायबांनी छाती काढोन जाब दिला, "सायेब, येक पो जरी गावला तर माजी मिशी उतरवा! आमी काय आयबापाचं नाव घालवू?" कारकुनाने ते बयान जसेच्या तसे उतरोन घेतले. अरे कर्मा! आपल्याच गोलंदाजाने आपल्याच बुरुजावर तोफ डागिली. शेटजी तर तेथेच पावलांनी पहिल्या बंगल्याचा पाया मोजू लागले.

तेव्हा बयाबाईंचे ध्यानी आले. "आवो भावजी, तोंड मिटा! माळ घालवता की!" ऐसी गर्जना करोन त्या पदर खोचोन धावल्या आणि एकामागोन एक गोठ्यांची कवाडे उघडिली. सकाळपासोन उपाशी सवाशे जनावरे, मग काय पुसता! धुळीचा लोट उठला, आघाडीस चंद्री, कारकून झाडावर, शेटजी खुर्चीवर, आणि आमचा मोर खुरांखाली ठार जाहला. शेटजी खुर्चीवरोन ओरडले की, ही जनावरे आज सोंगास आणिली, यांस माळ ठाऊकच नाही. साहेब जनावरे कोठे जातात ते पाहत होते. कोणी हाकिले नाही, तरी बैल खाजवावयाचे धोंड्यास लागले, वासरे करवंदीचे जाळीआड गेली, आणि चंद्री थेट झऱ्याचे डबक्यात जावोन बैसली. मग साहेबांनी आज्ञा केली की, शेटजी, हिला उठवावे. शेटजींनी छत्री टोचली, शेपूट ओढिली, गोड बोलोनही पाहिले. चंद्रीने शेपूट आपटोन त्यांचा पांढरा कोट चिखलाने भरला आणि रवंथ सुरू केले. साहेब बोलिले, "घरधनीण उठत नाही," आणि दौत मागविली.

निवाडा जाहला की, माळ गुरचरण आहे, गुरचरण राहील, शेटजींचा अर्ज नामंजूर. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. बयाबाईंनी विनविले, "पुन्यांदा वाचा, मला आयकू नाय आलं." साहेबांनी पुन्हा वाचला. ऐकू पहिल्यानेच आले होते. बाई रडत होती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही. मग ती म्हणाली, "आता हिला बी सांगा, सायेब. हिला कुनाच्या दावनीला धाडू, ह्या घोरानं मी आर्धी झाले." साहेब शेण तुडवीत डबक्याकाठी गेले आणि निवाडा तिसऱ्याने वाचला, अगदी कचेरीत वाचावा तैसा. चंद्रीने कान हलविले.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस, दोन प्रहरी, टेंभीचा माळ फत्ते जाहला आणि बयाबाईची म्हैस बयाबाईपाशी राहिली, हे या यादीत नमूद केले असे.