बारा प्रोग्रॅम आणि एक पातं

माझे सासरे बेकरीवाले. चाळीस वर्षं त्यांनी पाव भाजला. आता बेकरी मुलाच्या हाती दिली आहे, तरी दर रविवारी सकाळी काखेत ताजा पाव घेऊन ते आमच्याकडे हजर असतात. येतात ते येतात, वर "घ्या जावईबापू, घरी काही तयारी नसेलच," असंही म्हणतात. लग्नाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं मी हे वाक्य त्यांच्या पावाबरोबर गिळतोय. एका रविवारी ते काही केल्या घशाखाली उतरेना आणि मी ठरवलं, सासऱ्यांना एकदा तरी माझ्या हातचा पाव खायला घालायचाच. (माझ्या हातचा म्हणजे मशीनच्या हातचा. मी चहासुद्धा बायकोला विचारून विचारून करतो.)

मी रेकॉर्ड विभागात कारकून आहे. त्यामुळे ब्रेड मशीन निवडायला तीन आठवडे घेतले. रीतसर तक्ता आखला, भांड्याचं माप, टायमर, आवाज असे रकाने पाडले आणि सगळ्यांना दहापैकी गुण दिले.

दुकानदाराने माझा तक्ता पाहिला आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोघं."

"मग हे छोटं न्या. तीन प्रोग्रॅम, एक बटण."

"आणि त्या मोठ्यातले बाकीचे नऊ प्रोग्रॅम?"

"ते कुणीच वापरत नाही, साहेब."

इतका खरं बोलणारा दुकानदार मी पाहिला नव्हता, म्हणून मला त्याचा संशय आला. मी बारा प्रोग्रॅमवालंच उचललं.

बायकोने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माळ्यावर ज्यूसर आहे, पाय शेकायचं मशीन आहे, ते पॉपकॉर्नचं धूड आहे. आता हे कुठं चढवायचं?"

"हे ओट्यावर राहणार."

"रविवारी बाबांनी पाव खाल्ला तर राहील. नाहीतर माळा."

"मंजूर!" मी म्हणालो. (उतावळेपणा माझ्या रक्तातच आहे.)

शनिवारी खोकं उघडलं. आता आमच्या खात्याची एक सवय सांगायला हवी. सुटी वस्तू दिसली की ती पाकिटात घालायची, पाकिटावर नोंद करायची आणि पाकीट फाइलला लावायचं. एकवीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक टाचणी हरवलेली नाही. खोक्यात वॉरंटी कार्ड होतं, माहितीपुस्तिका होती आणि बोटाएवढं एक काळं पातं होतं. तिन्ही एका पाकिटात गेली, पाकीट फाइलमध्ये आणि फाइल कपाटात. पाणी, पीठ, यीस्ट, बटण एवढं झाकणावर छापलेलं होतंच, मग पुस्तिका कशाला मळवायची?

रविवारी साडेसहाला सगळं मोजून भांड्यात घातलं आणि पाचवा प्रोग्रॅम लावला. मशीन गुरगुरू लागलं.

थोड्या वेळाने बायको कान देऊन म्हणाली, "अहो, मळल्यासारखा आवाज येत नाही."

"चांगली मशीनं शांतच असतात. आवाजाला मी दहापैकी दहा दिलेत."

"उघडून बघू?"

"खबरदार! वाफ जाईल."

साडेनऊला सासरे आले. मी ऐटीत म्हणालो, "बाबा, आज तुमचा पाव पिशवीतच राहू द्या." तेवढ्यात मशीनने पीं पीं केलं. मी भांडं आणलं आणि त्यांच्यासमोरच्या ताटात पालथं केलं.

आधी पीठ आलं. कोरडं, वरून करपलेलं, भसकन उडून थेट सासऱ्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. मग धप्पकन एक वीट पडली आणि ताटाला पोचा आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासऱ्यांनी शर्ट झटकला नाही. भांड्यात बोट घालून त्यांनी तळाची खुंटी चाचपली.

"पातं कुठाय?"

"कसलं पातं?"

"मळायचं. या खुंटीवर बसवतात ते."

मी उठलो. कपाट उघडलं, फाइल काढली, फाइलमधून पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'सुटे भाग. सध्या आवश्यकता नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बायकोने तोंडाला पदर लावला होता, पण तिचे खांदे हलत होते.

"जावईबापू," डोळे पुसत सासरे म्हणाले, "आज तयारी मात्र भरपूर होती हो." आणि त्यांनी पिशवीतून आपला पाव काढला. मी मान खाली घालून चार तुकडे खाल्ले. खोटं कशाला बोलू, पाव उत्तम होता.

मशीन माळ्यावर गेलं नाही. जाता जाता सासऱ्यांनी त्याचं झाकण दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाले, "बसतं पक्कं." तेव्हापासून ते ओट्यावरच आहे, म्हणजे पैज मीच जिंकलो म्हणायची. त्यात सासऱ्यांनी आणलेला पाव बुधवारपर्यंत मऊ राहतो. घरी कुणी आलं आणि हे काय म्हणून विचारलं, की बायको कौतुकाने सांगते, "पावाचा डबा. ह्यांनी तीन आठवडे अभ्यास करून निवडलाय."