किनारा फुटबॉल मंडळाच्या मॅनेजरचा प्रश्न

संघ हरू लागला की कोणाला तरी घालवावे लागते, ही गोष्ट सर्व सुधारलेल्या देशांत मान्य झालेली आहे. अकरा खेळाडू घालवावेत, तर नवे अकरा आणायचे कुठून? कमिटी घालवावी, तर ती घालवायची कोणी? उरतो मॅनेजर. तो एकच असतो, आणि सामना हरल्यावर मैदानाच्या कडेला एकटाच उभा असतो. त्यामुळे सापडायलाही सोपा.

तारकर्लीच्या किनारा फुटबॉल मंडळापुढे हा प्रश्न १९५८ सालच्या ज्येष्ठ महिन्यात उभा राहिला. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो. पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतल्या की गावातले तरणे गडी रिकामे होत. त्यांनी पत्ते कुटत बसू नये, फुटबॉल खेळावा, या उदात्त हेतूने मंडळ निघाले होते. हेतू सफल झाला होता. गडी खेळत होते. फक्त जिंकत नव्हते. चार पावसाळ्यांत आम्ही सत्तावीस सामने खेळलो. सव्वीस हरलो आणि एक बरोबरीत सुटला (चेंडू खाडीत वाहून गेला). आमच्या नावावर गोल तीन. त्यांतले दोन समोरच्या संघाने चुकून केले होते, पण आम्ही कोणाचा उपकार नाकारत नाही.

मॅनेजर होता गंगाराम तांडेल. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, बोलणे मोजके. बारा वर्षे तो आगबोटीवर खलाशी होता. लिव्हरपूलच्या बंदरात त्याची बोट दुरुस्तीसाठी तीन महिने अडकली, तेव्हा तो दर शनिवारी फुटबॉल बघायला जाई. आत जाणे परवडत नसे, म्हणून भिंतीबाहेर उभा राही. चेंडू भिंतीच्या वर आला की त्याला दिसे, आणि नेमके त्याच वेळी आतली हजारो माणसे ओरडत. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की चेंडू उंच उडवणे हाच हा खेळ. पुढे तारकर्लीत त्याने तो निष्ठेने शिकवला. "वयर मार रे, वयर!" ही त्याची एकमेव सूचना. खेळाडू आज्ञाधारक होते. चेंडू वर जाई, आषाढातला वारा त्याला घेई, आणि खाली येताना तो बहुधा आमच्याच गोलाजवळ येई.

याशिवाय गंगाराम काही किरकोळ कामे करी. खाडीकाठच्या पुळणीवर मैदान आखणे. शिडाच्या दाभणाने चेंडू शिवणे. दारोदार जाऊन खेळाडूंना उठवून आणणे. भरती-ओहोटी पाहून सामन्याची वेळ सांगणे. समोरच्या काठावर सामना असला तर होडी वल्हवणे. ही कामे मॅनेजरची आहेत की नाहीत, याबद्दल घटनेत उल्लेख नव्हता, म्हणून ती मोजली जात नसत.

कमिटी सात जणांची. चौघांना गुडघेदुखी, दोघांना दमा, आणि मला लिहिण्याचे काम. अध्यक्ष परशुराम कुबल मुंबईच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात ते मालवणी बोलत, पण सभा सुरू झाली की घसा खाकरून शुद्ध मराठीत शिरत. त्यांनी ठराव मांडला, "मॅनेजर बदलावा किंवा बदलू नये, याविषयी चौकशी करून अहवाल द्यावा, यासाठी तिघांची उपसमिती नेमण्यात यावी."

उपसमितीने खेळाडूंच्या जबान्या घेतल्या. गोलरक्षक बाबली म्हणाला, "माका डाव्या डोळ्यान कमी दिसता. गोल सगळे डावीकडसून जातत. तेका गंगारामभाव काय करतलो?" आघाडीवर खेळणाऱ्या शिवाला विचारले, मॅनेजर बदलावा का? तो म्हणाला, "बदला, नायतर रवांदे. पण समोरच्या गोलाचे खांब जरा लांब लांब रोवूक येतले काय?" उपसमितीने अहवालात लिहिले की खेळाडूंमध्ये तीव्र असंतोष आहे. कमिटीने गंगारामला काढायचे ठरवले.

पत्र मी लिहिले. ते द्यायला परशुरामभाऊ धरून आम्ही तिघे गंगारामच्या घरी गेलो. त्याची बायको रुक्मिणी दारातच म्हणाली, "बसा वायच. पेज पिवन जावा." उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाल्ल्यावर माणसाला कोणाला काढून टाकणे जड जाते. पत्र माझ्या खिशात परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा पेज. तिसऱ्या दिवशी परशुरामभाऊंनी घरून जेवून निघण्याचा निर्णय घेतला. कमिटीच्या इतिहासात इतका धाडसी निर्णय पूर्वी झालेला नव्हता.

गंगाराम पडवीत बसून चेंडू शिवत होता. मी पत्र वाचून दाखवले. त्याने दाभण थांबवला नाही.

"माका काढूचा आसात तर काढा," तो म्हणाला. "पण ह्यो चेंडू कोण शिवतलो?"

परशुरामभाऊ घसा खाकरून म्हणाले, "आपल्याला केवळ पदावरून मुक्त करण्यात येत आहे. कामावरून नव्हे."

म्हणजे मैदान त्यानेच आखायचे, होडी त्यानेच न्यायची, माणसे त्यानेच जमवायची. वेळ ठरवण्याचा अधिकार मात्र नव्या मॅनेजरकडे. शिवाय जुन्या माणसाने खेळात लुडबुड करू नये, म्हणून सामना चालू असताना मैदानाच्या रेषेपासून पन्नास पावलांच्या आत त्याने तोंड उघडू नये, अशी अट घातली. ही अट मलाच सुचली. सर्वांनी माझे कौतुक केले.

चार दिवसांनी रुक्मिणी विहिरीवर भेटली. मी वाट बदलणार होतो, पण तिने गाठले. "चार दिस तेंनी धड जेवक नाय," ती म्हणाली. "गप बसान रवतत. चेंडू मात्र शिवल्यानी. तुमचो चेंडू नेवा." मी चेंडू घेतला. टाके नेहमीपेक्षा बारीक होते.

नवे मॅनेजर शंकर मास्तर, खारेपाटणकडचे. ड्रिल शिकवायचे, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी काळ्या फळ्यावर अकरा टिंबे काढून खेळाडूंना शास्त्र समजावले. कोणते टिंब आपण, यावरून बाबली आणि शिवा यांच्यात दोन दिवस अबोला होता. आषाढ अमावास्येला तोंडवली गावाच्या संघाशी सामना ठरला. मास्तरांनी वेळ दिली सकाळी अकराची. खेळाडू अकरा असतात, तेव्हा वेळही अकरा असणे शिस्तीला धरून आहे, असे ते म्हणाले. अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती येते, हे गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होते. पण वेळ ठरवण्याचा अधिकार त्यांतल्या कोणाला नव्हता.

गंगारामने पहाटे ओहोटीला मैदान आखले. अकराला शिट्टी वाजल्यावर त्याने रेषेपासून पन्नास पावले मोजली आणि सुरूच्या झाडांत जाऊन उभा राहिला. मी मुद्दाम मोजून पाहिली. बावन्न होती.

पहिली वीस मिनिटे आम्ही शास्त्रोक्त हरत होतो. म्हणजे चेंडू जमिनीलगत, टिंबाकडून टिंबाकडे, आणि तिथून तोंडवलीकडे. गोल व्हायचा तेवढा राहिला होता. मग पाणी आले. आधी कोपऱ्यात, मग मधल्या वर्तुळात, मग घोट्यापर्यंत. लाथ मारली की चेंडू जागच्या जागी फिरे आणि मारणारा पडे. मास्तर शिट्टी वाजवत मागे सरकत होते, कारण बूट नवे होते. पंच होते तोंडवलीचे पोस्टमन. ते म्हणाले, वेळ झाल्याशिवाय सामना संपत नाही.

मी झाडांकडे पाहिले. गंगाराम पुढे येत होता. मी धावत जाऊन त्याला अडवले. "गंगारामभाऊ, पन्नास पावले! रेषेपासून पन्नास!"

त्याने पाण्याकडे बोट केले. "रेष खंय आसा?"

मी बघितले. रेष नव्हती. एकही नव्हती. पत्राच्या शब्दांत पाहता तो बरोबर होता.

तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि पदावरून काढल्यापासून साठवलेल्या आवाजात ओरडला, "वयर मार रे शिवा, वयर!"

शिवाने पाण्यातून चेंडू पायावर उचलला आणि उडवला. वारा त्या दिवशी तोंडवलीच्या गोलाकडे वाहत होता. त्यांचा गोलरक्षक वर बघत मागे गेला, आणखी मागे गेला, आणि चेंडूसकट दोन खांबांच्या मधून पलीकडे बसला. पंचांनी खिशातले घड्याळ पाहिले. कमरेपर्यंत पाणी आल्यावर घड्याळ थांबले, आणि सामनाही. आम्ही एक शून्याने जिंकलो होतो.

बाबलीने गंगारामला मिठी मारली. गंगाराम रडत होता, असे काहींचे म्हणणे आहे. सगळेच भिजलेले असल्यामुळे मी तशी नोंद केली नाही.

त्याच आठवड्यात कमिटीने दोन ठराव एकमताने मंजूर केले. पहिला, नव्या मॅनेजरच्या कुशल मार्गदर्शनाबद्दल अभिनंदनाचा. दुसरा, अनधिकृत व्यक्तीने मैदानात प्रवेश केल्याबद्दल खुलासा मागवण्याचा. खुलासा मागवणारे पत्र मी लिहिले. गंगारामला लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून खुलासाही मीच लिहिला. तो असमाधानकारक असल्याचा शेराही माझाच आहे.

पुढचे सगळे सामने ओहोटीला झाले, आणि आम्ही ते हरलो. साहजिकच मॅनेजर बदलावा की बदलू नये, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आम्ही पुन्हा गंगारामच्या पडवीत गेलो. परशुरामभाऊ या वेळी शुद्ध मराठी विसरले. "गंगाराम, झाला ता झाला. ये बाबा परत."

गंगाराम म्हणाला, "मॅनेजर नको. घेतल्यात तर कमिटीत घेवा. थंय कोणाक काढणत नाय."

त्याच्या अर्जाचा आम्ही सहानुभूतीने विचार केला आणि तो फेटाळला. उमेदवाराला खेळाची माहिती असल्याने त्याची मते एकांगी होण्याचा संभव आहे, असे कारण दिले.

त्यानंतर गंगारामने खेळाडूंना उठवायला जाणे सोडले. आम्ही ठरलेल्या वेळी पुळणीवर जाऊन बसत असू. खेळाडू येत नसत. काही दिवसांनी कळले की ते त्याच्याबरोबर होडीने पलीकडच्या काठावर जातात आणि तिथे खेळतात. संघाला नाव नाही, मॅनेजर नाही. गोल कोणी मोजत नाही. रुक्मिणी सगळ्यांना पेज वाढते. फार हसण्याचा आवाज येतो, असे पलीकडून येणारे सांगतात.

मंडळाचे मात्र उत्तम चालले आहे. १९६० सालापासून आम्ही एकही सामना हरलेलो नाही. मॅनेजरच्या जागेवर रोज चर्चा होते, कमिटी सातावरून एकोणीसवर गेली आहे, आणि तरी माणसे कमी पडतात.

म्हणून आपल्याला कळवतो. आपण तारकर्लीला कधी आला नसाल, गंगारामला पाहिले नसेल, आणि आपले मत कोणी विचारलेले नाही. तरी एवढे वाचता वाचता त्याला ठेवायला हवे होते की नको, हे आपण ठरवून मोकळे झाला आहात. कमिटीची सभा रविवारी दुपारी चार वाजता आहे. आपली खुर्ची मांडून ठेवली आहे.