जहाज कंपनीत मुराळी

जळगावच्या उन्हाळ्यात कूलरचं तोंड कुणाकडे असावं, यावरून भावाभावांत वाटण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. नानांच्या घरात हा वाद नाही. तिथे कूलर एकच आणि त्याचं तोंड नानांनी स्वतः केलेल्या लाकडी जहाजाकडे. नाना स्वतः घामाने निथळत खुर्चीत बसलेले असतात. त्यांच्या पत्नी अक्का जहाजाला लागून उरलेला वारा जिथे येतो तिथे पाट टाकून भाजी निवडतात आणि अधूनमधून भिंतीला सांगतात, "घरमा मानसले घाम नि लाकूडले वारा!"

नाना ऐकत नाहीत. सागवानाच्या पट्ट्या कोरड्या हवेत आक्रसतात आणि जहाजाला भेगा पडतात, हे त्यांचं शास्त्र आहे. पहिल्या जहाजाला मे महिन्यात इतक्या भेगा पडल्या की अक्कांनी त्यात लसूण ठेवायला सुरुवात केली होती. तेव्हापासून कूलर जहाजाचा.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. जळगावला जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढून धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि मूठ दाबून ओलावा सांगायचा, यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी ओल पाहा." डाळ शिजत नाही? ओल पाहा. भिंतीचा रंग निघतो? ओल पाहा. माझ्या मेहुण्याच्या लग्नाची बोलणी अडली होती तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. आम्ही काय पाहायचं ते आम्हाला कळलं नाही, पण लग्न जमलं, आणि श्रेय नानांनी घेतलं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि कोपऱ्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. बारीक स्क्रू, चिमटे, भिंग यांच्यासाठी नाना दिवसाआड दुकानात येतात आणि गिऱ्हाइकांना सल्ले देऊन जातात. फोनवर त्यांचा एक ग्रुपही आहे. लाकडी जहाजं करणारी माणसं त्यात आपापले फोटो टाकतात आणि नाना त्यांना झोडतात. एकदा धुळ्याच्या एका डॉक्टरांनी मोठ्या हौसेने पूर्ण झालेल्या जहाजाचा फोटो टाकला. बाकी सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. नानांनी लिहिलं, "तिसरी फासळी तिरकी. उकला." डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी खरंच उकललं.

नानांच्या नादाने मीही एक होडी करायला घेतली होती. पट्टी गरम पाण्यात भिजवून मी ती वाकवली आणि ती कटकन मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. नाना शांतपणे म्हणाले, "सलीमभाऊ, तुम्ही तिला वाकवता. तिला वाकू द्या." पट्टीला वाकू देत मी तासभर बसलो. ती काही वाकली नाही. शेवटी नानांनीच ती बोटांनी कुरवाळत कुरवाळत कण्याला टेकवली आणि वर अक्कांच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले. या इमारतीत कुणाचंही पातळ उडून कुणाच्याही गच्चीत जातं, त्याचं कारण हे आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. नानांना एकच मुलगी, वैशाली. ती खऱ्या जहाजावर असते. मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. एकदा गेली की आठ-आठ, नऊ-नऊ महिने घरी नाही. ती पहिल्यांदा जहाजावर गेली त्याच वर्षी नानांनी पहिल्या पट्टीला हात घातला. कॉलनीतल्या लहान पोरालाही यातला संबंध कळतो. नानांना तो मान्य नाही. मी एकदा तसं म्हणून पाहिलं तर केवढे चिडले! "तिचं जहाज लोखंडाचं, माझं लाकडाचं. तिचं इंजिनावर, माझं शिडावर. संबंध काय?"

संबंध यंदा आखाजीला कळला.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. गल्लीतल्या निंबांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. सासरहून लेकीला आणायला तिचा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की कसलीही सासू असो, पोरीला पाठवते. आमच्या घरी हा सण नाही, पण माझ्या बहिणी लहानपणापासून या झोक्यांवर वाढल्या आहेत आणि अजूनही त्या दिवसांत माहेरी यायला निमित्त शोधतात. वैशाली मात्र चार वर्षांत एकाही आखाजीला आली नव्हती. अक्का दरवर्षी सांजोऱ्या करायच्या आणि आम्हाला वाटून टाकायच्या. यंदा त्यांनी सांजोऱ्यांचं नावच काढलं नाही. ते नानांना लागलं.

सणाच्या आठवडाभर आधी एका सकाळी मी दुकान उघडायला निघालो, तर जिन्यात नाना उभे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात स्टीलचा मोठा डबा.

"कुठे निघालात?"

"मुंबईला. वैशूच्या कंपनीत."

"काय काम काढलं?"

"मुराळी म्हणून जातो. तिला भाऊ नाही. मग कुणी जायचं?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळावं लागलं. माणूस खरोखर निघाला होता. डब्यात सांजोऱ्या होत्या. अक्कांना पहाटे उठवून त्यांनीच करायला लावल्या होत्या. मुराळ्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते थेट माझ्या दुकानात. डबा रिकामा होता. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून स्टूल ओढून बसले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

कंपनीच्या दारातल्या मुलीने विचारलं, कोण आलंय म्हणून सांगू? नाना म्हणाले, "सांगा, व्याही आलेत." त्या मुलीने काय सांगितलं कोण जाणे, पण आतून एक साहेब स्वतः बाहेर आला. नानांनी त्याला डबा दिला आणि रीतीप्रमाणे आधी विचारलं, पोरीचं कामात काही चुकतं का? चुकत असेल तर पोटात घाला. मग हिंदीत म्हणाले, "हमारे यहां आखाजी में लड़की मायके आती है. चार दिन भेज दो. मैं खुद वापस छोड़ने आऊंगा."

"मग?" मी विचारलं.

"भला माणूस हो. हसला नाही. दोन सांजोऱ्या माझ्यासमोर खाल्ल्या. मग म्हणाला, बाबा, मी पाठवली असती, पण ती आहे कुठे ते पाहा. आणि त्याने टेबलावरचा टीव्ही माझ्याकडे फिरवला." काउंटरवरच्या काचेवर नानांनी बोट टेकवलं. "सगळं निळं. मधे एक एवढासा ठिपका. आजूबाजूला काही नाही. एक गाव नाही, एक झाड नाही... सलीमभाऊ, मनी पोर शे तठे."

मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, नुसतं धरून बसले. समुद्र पाहून आलात का, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "नाही पाहिला," म्हणाले. "त्या टीव्हीत दिसला तेवढा पुरे झाला."

आखाजीच्या दिवशी सकाळी खालून झोक्यांचा आणि पोरींच्या गाण्यांचा आवाज येत होता. नानांनी मला पुरणपोळीला वर बोलावलं होतं. तेवढ्यात जहाजावरून वैशालीचा फोन आला. नानांनी पोरीशी काय बोलावं? तिकडे हवेत ओलावा किती, ते विचारलं. पॉलिश वाळत नाही म्हणून सांगितलं. जेवतेस ना, हेसुद्धा विचारलं नाही, आणि फोन अक्कांच्या हातात देऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले.

अक्कांनी एकच विचारलं. "तू झोपस कोठे वं बेटा?"

वैशालीने सांगितलं. मागच्या बाजूला, उजवीकडे, वरच्या मजल्यावर छोटी खोली आहे. एक गोल खिडकी आहे, तिच्यातून समुद्र दिसतो. मग आवाज तुटत तुटत बंद झाला.

अक्कांनी फोन खाली ठेवला. मग उठल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या जहाजासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "यामा तिनी खोली कोठे शे?"

मी नानांकडे पाहिलं. हे शिडाचं जुन्या घडणीचं जहाज. अशा जहाजाला उजवीकडे वरच्या मजल्यावर गोल खिडकीची खोली नसते. हे त्यांनी ग्रुपवर कितीतरी जणांना रागावून सांगितलेलं मी वाचलं होतं. आणि हे जहाज तर पूर्ण झालेलं, पॉलिशचा शेवटचा हात लावलेला.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बिनफ्रेमच्या चष्म्याला भोक पाडता, ते ड्रिल आणता का?"

मी दुकानातून ड्रिल आणलं. येताना काचेचा एक टिकलीएवढा तुकडाही घासून गोल करून आणला. नानांनी पेन्सिलीने खूण केली. मागच्या बाजूला, उजवीकडे, वर. एवढ्या मेहनतीच्या पॉलिशमधून त्यांनी ड्रिल आरपार घातलं, कडा घासून भोक काचेएवढं केलं आणि काच बसवली. दुपार कलली होती. खाली झोके चालूच होते.

अक्कांनी चष्मा लावला, पदर सावरला आणि वाकून आत डोळा लावला.

"मझार समदा अंधार शे."

"आते तठे रात शे," नाना म्हणाले.

"मग झोपेल व्हई पोर."

"हां."

त्यानंतर अक्का काही बोलल्या त्या हळू आवाजात बोलल्या आणि नानांनीही तसंच उत्तर दिलं. मला निघायचं होतं. मी दारात चपला घालणार, एवढ्यात नानांनी ओठांवर बोट ठेवलं. मी चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी जिना उतरलो.