आमेन म्हणताच आठवी गायब

माझं नाव ऐकताच गुन्हेगार थरथर कापतात, असं मी म्हणणार नाही. पिंगळीतल्या गुन्हेगारांना माझं नाव ठाऊकच नाही, ते मला 'पीटी सर' म्हणतात. पण सिताराम या साध्या नावामागे केवढा मेंदू काम करतो, हे जाणकारांना माहीत आहे. जाणकार म्हणजे मी. उंची पुरेशी, छाती फुगवली की भरदार, आणि नजर अशी की माणसाची चप्पल पाहून तो कुठून आला ते सांगावं. परवाच एकाला म्हणालो, "तुम्ही शेतातून आलात." तो म्हणाला, "बँकेतून आलो, वाटेत चिखल लागला." म्हणजे चिखल बरोबर होता.

पोटासाठी मी मिशनच्या शाळेत कवायत आणि शिस्त शिकवतो. शोधकार्य आत्म्यासाठी.

शाळा लहान. खोल्या कमी, म्हणून सातवी आणि आठवीला मिळून एकच खोली. एक दिवस सातवी खोलीत आणि आठवी घरी फोनवर, दुसऱ्या दिवशी उलट. ही युक्ती हेमा टीचरची. संस्थेशी भांडून त्यांनी दिवाळीनंतर ती सुरू केली, आणि पहिल्याच आठवड्यात घात झाला.

घात असा. फोनवरच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका सत्यशीलाबाई ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसून प्रार्थना घेतात. सगळी आठवी पडद्यावर हजर असते. बाईंची प्रार्थना ऐसपैस. ती शाळेतून निघते, आजारी, प्रवासी, परीक्षार्थी अशा सगळ्यांना भेटते, पाऊसपाण्याची चौकशी करते आणि सावकाश आमेनला पोचते. तोवर आम्ही सगळे डोळे मिटून. डोळे उघडावेत तर पडद्यावर एक पोर नाही! हेमा टीचर वाट बघून बघून तास बंद करायच्या.

"का पळालात रे?" त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं.

"पळालो न्हाई टीचर, घरीच व्हतो," सगळी पोरं एका सुरात म्हणाली. एका सुरात! कट असल्याशिवाय आमची पोरं राष्ट्रगीतसुद्धा एका सुरात म्हणत नाहीत.

हेमा टीचर रडकुंडीला आल्या होत्या. "सर, पुढच्या शनिवारी संस्थेचे बापूसाहेब बघायला येणार. वर्ग असाच रिकामा दिसला तर फोनची शाळा बंद. ती बंद म्हणजे आठवी बंद, कारण खोलीच नाही. पोरांनी मग परभणी गाठायची. मुली नाही गाठणार, घरी बसतील."

"टीचर," मी छाती फुगवून म्हणालो, "प्रकरण माझ्याकडे आलं आहे."

"मी आणलं न्हाई, सर," आमचा क्लार्क धम्मदीप पुटपुटला. तो माझा सहायक. त्याला हे मान्य नाही.

पहिला संशय मी रेल्वेवर घेतला. स्टेशन जवळ, गाडी धडधडत जाते, जाताना नेटवर्क ओढून नेत असणार. मी फलाटावर पाळत ठेवली. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली, आठवी मात्र वेळेवर गायब झाली होती. रेल्वेला मी निर्दोष सोडलं.

दुसरा संशय शाळेमागच्या शेळीवर. ती कॉम्प्युटरची वायर हुंगताना मी स्वतः पाहिली होती.

"सर, शेळीला कशाला बांधायलाव?"

"अटक आहे ही, धम्मदीप."

"जामीन कोण देणार? मालकीण कमलबाई हाय, तिचं तोंड लय वाईट."

कमलबाई आल्या आणि शेळी बिनशर्त सुटली. आठवी त्या दिवशीही गायब झालीच. जाता जाता शेळीने माझी शिट्टीची दोरी खाल्ली, तो गुन्हा मी वेगळा नोंदवला आहे.

तिसरा तर्क सर्वांत खोल होता. हैदराबादेत बसलेली एखादी टोळी आमची आठवी चोरते. "कशाला?" धम्मदीपने विचारलं. "त्यांना काय करायचीय आपली आठवी?" या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यामुळे टोळी अधिकच धोकादायक वाटू लागली.

शेवटी मी गुन्ह्याच्या जागेवरच बसायचं ठरवलं. धम्मदीपची मोटरसायकल जप्त केली (तो याला 'मागून नेली' म्हणतो) आणि शेजारच्या पोखर्णी गावात सुकेशनीच्या घरी गेलो. सुकेशनी आठवीत पहिली येणारी मुलगी. तिची आजी पंचफुलाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"जय भीम, सर. बसा. च्या घेता का?"

"जय भीम, आजी. चहा नंतर. आज या घरात काहीतरी भयंकर घडणार आहे."

"सून म्हायेराहून येणार हाय उंद्या. आज काई न्हाई," त्या म्हणाल्या.

सुकेशनीने पाटावर डब्याला टेकवून वडिलांचा फोन उभा केला होता. मी वाघासारखा दबा धरून फोनसमोर बसलो. पडद्यावर बाई आल्या, पोरं आली. प्रार्थना सुरू झाली. आता, शिस्तीचा प्रमुख मी. प्रार्थनेला माझेच डोळे उघडे कसे राहतील? मिटले. बाई आजाऱ्यांपर्यंत पोचायच्या आत त्यांचा आवाज अचानक तुटला. तरी मी आमेनला लागेल इतका वेळ अंदाजाने काढला. मग डोळे उघडले. फोन काळाठिक्कर!

"कुणीही जागेवरून हलू नका!"

"मी सकाळपासून हललेच न्हाई," आजी म्हणाल्या.

"आत कोण आलं होतं? खरं सांगा!"

"कोण येतंय, बाबा? पोरीनं बटण दाबलं, फोन बंद केला अन् डोळे मिटले. मी बघायले की."

मी सुकेशनीकडे वळलो. तिचे हात अजून जोडलेले होते.

"सर, तुमीच शिकवलं ना," ती म्हणाली. "एक म्हणलं की अंगठा बटणावर, दोन म्हणलं की बंद, तीन म्हणलं की डोळे मिटा. प्रार्थनेला फोन चालू दिसला तर मैदानाला चकरा."

दिवाळीआधी आठवीच्या पालकांच्या मेळाव्यात चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना करत असताना कुणाच्या तरी खिशात लावणी वाजली होती. 'प्रार्थनेला फोन बंद, हे पोरांच्या मनावर ठसवा,' असं बाई मला म्हणाल्या. मी ठसवलं. सगळ्या आठवीला मैदानात उभं करून, हातात फोन आहे असं समजून, कवायतीच्या तालावर.

"मग पुन्हा चालू का करत नाहीस?"

"करते. पण मग पप्पाचा लॉकचा नंबर टाका म्हणतोय, अन् पप्पा शेतात. समद्यांचं तसंच व्हतं, सर."

गुन्हेगार सापडला. त्याची उंची पुरेशी होती आणि छाती त्या क्षणी अजिबात फुगलेली नव्हती.

"सर," सुकेशनीने हळूच विचारलं, "आठवी बंद व्हणार का? पप्पा म्हणले, परभणीला न्हाई धाडणार."

आजीचे शेंगा सोलणारे हात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण गुप्तहेर नसावं, नुसतं मास्तर असावं असं वाटलं.

"नाही होणार," मी म्हणालो. आणि चहा न घेता निघालो.

शाळेत बाईंना सांगितलं, "बिघाड सापडला. मानवी होता."

"कोणता मानव, सर?" धम्मदीपने विचारलं.

"ते तपासाचं गुपित आहे. मोटरसायकलीत पेट्रोल टाकून घे."

आठवी खोलीत येण्याच्या दिवशी मी तिला मैदानात उभं केलं आणि घशाला कोरड पडेपर्यंत नवी कवायत घेतली. एक: अंगठा बटणापासून लांब. दोन: हात जोडा. तीन: डोळे मिटा. शाळेत फोन बंद, घरी फोन चालू!

शनिवार उजाडला. बापूसाहेब कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले, आम्ही मागे. पाहुणे आलेले, त्यामुळे बाईंची प्रार्थना त्या दिवशी समुद्रापलीकडे गेली. शेजारून हेमा टीचरांचं मुसमुसणं ऐकू येत होतं. मला राहवलं नाही. कारकिर्दीत प्रथमच मी प्रार्थनेत एक डोळा उघडला.

पडद्यावर आठवी होती. अख्खी. हात जोडलेले, डोळे मिटलेले. फक्त सुकेशनीने एक डोळा किलकिला केला होता, फोन चालू आहे ना ते बघायला. तिचा एक डोळा आणि माझा एक डोळा समोरासमोर आले. दोघांनीही घाईघाईने मिटले.

"आमेन," बाई म्हणाल्या. डोळे उघडले, आठवी जागेवर. हेमा टीचर पदराने डोळे पुसत ऑफिसातल्या फळ्याकडे धावल्या.

"लय शिस्तीची पोरं," बापूसाहेब खूश होऊन म्हणाले. "एक पोरगी सोडली तर एकानंबी प्रार्थनेत डोळा उघडला न्हाई. आठवी चालू ठेवा."

हे त्यांना कसं दिसलं, याचा निष्कर्ष मी तत्क्षणी काढला. माझ्या आयुष्यातला तो पहिला बिनचूक निष्कर्ष, आणि तो आठवीसाठी मी पोटात ठेवला आहे.