पाटावरची फायरिंग पिन

"धा मिंटाचं काम हाय!" शंकरप्पा बिराजदार म्हणाले, आणि तिथंच घात झाला. शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, शंकरप्पांनी दहा मिनिटं म्हटलं की त्या घरात दुपारचं जेवण चारला होतं.

शंकरप्पा म्हणजे निवृत्त फौजी! सतरा वर्षं फौजेत काढली, त्यातली सोळा भटारखान्यात. पण ते सोडा, पाचशे माणसांचा कांदा चिरायलाही छाती लागतेच. आता ते एका पतसंस्थेच्या दारात स्वतःची परवान्याची रायफल घेऊन बसतात. नऊ वर्षांत तिथं दरोडा पडला नाही, याचं सगळं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलेलं आहे. दरोडेखोरांचं यावर काय म्हणणं आहे, ते कुणी विचारलेलं नाही.

तर त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत रायफल पोलीस ठाण्यात दाखवायची होती. तपासणीत पास झाली तरच परवान्याचं नूतनीकरण, आणि परवाना गेला की नोकरीही गेली! सकाळी रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, ओढून पाहिला, तर तो जुन्या दारासारखा कुरकुरला.

"आतली फायरिंग पिन साफ कराय पायजे," त्यांनी बायकोला, म्हणजे काशम्मांना, ऐकवलं. "फौजेत डोळं बांधून खोलायचो आमी!"

"हितं उगडं ठिवून खोला म्हंजे झालं," काशम्मा म्हणाल्या. त्यांना दुसरी कामं होती. खंडेनवमी होती. विळी, कोयता, कात्री, पाना, झालंच तर मिक्सरचं पातं, अशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा करायची होती.

शंकरप्पांनी रायफल रिकामी असल्याची तीन-तीनदा खात्री केली. दिवसभरात शिस्तीत झालेलं तेवढं एकच काम! मग बोल्ट काढला, त्याचा मागचा भाग पिळला आणि... टण्ण! आतली स्प्रिंग अशी उडाली, जणू तिला नऊ वर्षांनी रजा मंजूर झाली होती. उरलेलं सामान जुन्या बनियनवर तसंच टाकून फौजी कपाटाखाली शिरले. मग कॉटखाली. मग शिलाई मशीनखाली. तासाभरानं डोक्यावर कोळ्याचं जाळं घेऊन बाहेर आले, तर बनियन रिकामं!

"माजी पिन कुटं हाय?"

"रीऽ, अवो, तुमची स्प्रिंग पाटावर येऊन पडली हुती की," काशम्मा कौतुकानं म्हणाल्या. "मला वाटलं, यंदा तुमी आपणहून हत्यार ठिवलं! मग बाकीचं बी नेऊन मांडलं."

शंकरप्पांनी पाटाकडं पाहिलं. पिनीला हळदीकुंकवाची बोटं लागली होती. स्प्रिंगमध्ये झेंडूचं फूल खोचलेलं होतं. बोल्टच्या पोटात अक्षता गेल्या होत्या!

"अगं, पाचला तपासणी हाय! दे हिकडं!"

"हात लावायचा न्हाय. पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याबिगर हालत न्हाय."

"नोकरी जाईल माजी!"

"गेल्या साली विळीला हात लावू दिला व्हता का मला? दीस मावळंपतोर भाजी हातानं तोडली मी! ह्यो नेम कुनाचा?"

नेम शंकरप्पांचाच होता. त्यांनी मठातल्या शिवयोगी स्वामींना फोन लावला. स्वामी बराच विचार करून म्हणाले, "हत्यार पाटावरनं उचलायचं न्हाय. पाट उचलला तर हरकत न्हाय."

साडेचारला रिक्षा निघाली. काशम्मांच्या मांडीवर पाट, पाटावर विळी-कोयत्यासकट सगळी पूजा आणि पेटतं निरांजन! शेजारी बिनबोल्टाची रायफल सांभाळत शंकरप्पा. रिक्षावाल्यानं एकदा कोयत्याकडं पाहिलं, एकदा रायफलीकडं पाहिलं आणि मीटर न टाकताच गाडी सोडली.

ठाण्याच्या दारातला पहारेकरी आधी दचकला, मग निरांजन पाहून त्यानं हात जोडले. तपासणीला सिद्धेश्वरी मॅडम होत्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि त्या कशालाही हात न लावता मोबाइलचा उजेड पाडून पिनीवर वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"बिराजदार, ही पिन कधी तुटली?"

"तुटली? छे, मॅडम! आजच तर पयल्यांदा खोलली!"

"हिला गोळीवर ठोका मारणारं टोकच नाहीये. तुटल्या जागी गंज चढलाय, म्हणजे वर्षं झाली असणार. गोळी भरली असती तरी उडाली नसती."

ठाण्यातल्या टायपिंगचा आवाज थांबला.

"म्हंजे नऊ वर्सं पतसंस्था राखली ती निस्त्या तोंडानं?" काशम्मांनी विचारलं.

मॅडमनी हसू कसंबसं गिळलं. "पंधरा दिवसांची मुदत देते. नवी पिन बसवून आणा, परवाना जाणार नाही. तोवर ड्यूटीवर काठी घेऊन उभे राहा."

"काठी?" शंकरप्पा कळवळले. "मॅडम, मी फौजी मानूस! लोक काय म्हनतील?"

"काठीच द्या की, मॅडम," काशम्मा पाट सावरत म्हणाल्या. "मारली तर लागती तरी!"