उंबरठा सर झाला त्याची हकीकत

काळ सर्वांस गिळतो, कागद तेवढा उरतो. सबब घडले तैसे लिहिले आहे.

चष्म्याच्या दुकानास लागून समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या पुस्तकांच्या दुकानाची गादी मालकीणबाईंनी आपल्या जोडीदारणीसह स्थापिली, त्यास तीन वर्षे जाहली. लाजत येणारे, ताठ मानेने जाणारे, सारे रुजू झाले. मालकीणबाईंच्या मातोश्री तेवढ्या होईनात. चाळीस वर्षे ग्रंथपालकीची सुभेदारी केलेल्या. परंतु या उंबरठ्याआत पाऊल टाकणे नाही, ऐसा पण. दर शनिवारी स्वारी दाराशी येई, आणि एका माणसाचा डबा, त्यात एक चमचा, बाहेरूनच लेकीस पोचता करी, आणि आतल्या जोडीदारणीवर नजर म्हणोन टाकीत नसे. मालकीणबाई वरकरणी हसत. विनवण्या, रुसवे, चहाचे आमिष, सर्व फौजा माघारी आल्या.

मग एके शनिवारी मातोश्रींची नजर दर्शनी कपाटावर गेली, आणि तेथे पाच खंडांच्या कादंबरीचा तिसरा खंड दुसऱ्याच्या आधी, आणि पाचवा डोक्यावर उभा. मालकीणबाईंचे धाबे दणाणले.

"अगं, हे कुणी लावलं?"

"मी, काकू," जोडीदारीण म्हणाली.

"काकू म्हणे! सरक तिकडे."

आणि मातोश्री चपलांसकट आत शिरल्या, आणि पाच फळ्या जिंकिल्या, आणि मग पहिला खंड चाळावयास म्हणोन स्टुलावर बसल्या त्या दोन तास उठल्या नाहीत. जाताना हुकूम सुटला की, खंड आपल्यासोबत येईल, आणि पुढील शनिवारपावेतो कपाटास कोणी हात लावू नये, विशेषेंकरून हिने.

स्वारी वळताच मालकीणबाईंनी जाब पुसला, "तू तर फूटपट्टी धरून पुस्तकं लावतेस. आजच बरी चुकलीस?"

"दारापासून कपाट नऊ फूट," जोडीदारीण म्हणाली. "आईंचा चष्मा नवा आहे, शेजारी विचारून घेतलं. आकडे दिसणारच होते."

पुढील शनिवारी मातोश्री आल्या त्या थेट आत, दुसऱ्या खंडाची मागणी करीत, आणि डबा टेबलावर आदळला. मालकीणबाईंनी झाकण काढिले आणि जोडीदारणीस हाक मारिली.

येणेंप्रमाणे उंबरठा सर झाला. शनिवार, दुपारी सव्वा वाजता. जखमी कोणी नाही. हस्तगत: चमचे दोन.